कानबाईच्या रोटात एग फ्लिप

धुळ्याच्या नर्सिंग स्कूलमध्ये पहिल्या वर्षी मला ज्या विषयानं घाम फोडला तो शरीरशास्त्र नव्हता. हाडांची नावं मला झोपेत पाठ होती. रक्त बघून चक्कर येत नव्हती. इंजेक्शन द्यायला मी आधी उशीवर, मग संत्र्यावर आणि शेवटी मैत्रिणींवर शिकले होते. मला अडवलं ते स्वयंपाकानं. आणि मी तर परकरात असल्यापासून केळीच्या बागेतल्या मजुरांच्या भाकरी थापत आले होते.

विषयाचं नाव आहारशास्त्र, पण त्याच्या प्रात्यक्षिकाला सगळे जुन्याच नावानं ओळखायचे, 'इनव्हॅलिड कुकरी'. म्हणजे आजाऱ्याचा स्वयंपाक. हा स्वयंपाक कुठल्याशा थंड देशातल्या नर्सेसनी तिथल्या आजाऱ्यांसाठी ठरवला होता. तिथून तो मिशनच्या दवाखान्यांत आला, मिशनमधून सरकारी अभ्यासक्रमात शिरला, आणि एकदा शिरल्यावर त्याला बाहेर काढायची कुणाची छाती झाली नाही. आमच्या लायब्ररीतल्या जुन्या पुस्तकात त्याच्या या प्रवासाच्या खुणाच होत्या. 'बीफ टी'ची, म्हणजे गोमांसाच्या पातळ रश्श्याची, कृती कुणीतरी शाईनं खोडून वर 'मटण सूप' लिहिलं होतं. मटण सूप खोडून दुसऱ्या कुणी पेन्सिलीनं 'मुगाचं कढण' केलं होतं. त्याच्याशेजारी तिसऱ्या अक्षरात सूचना होती, 'परीक्षेत कढण चालत नाही.' देश स्वतंत्र होऊन चाळीसेक वर्षं होत आली होती, पण आजाऱ्याच्या ट्रेपर्यंत ती बातमी पोचायची होती.

या स्वयंपाकातला मुख्य पदार्थ एग फ्लिप. अंडं फोडायचं, साखर घालून फेसायचं, त्यावर गरम दूध ओतायचं, पातळ फडक्यातून गाळायचं आणि वर जायफळ किसायचं. मूळ कृतीत ब्रँडी होती. ती आमच्यापर्यंत येता येता कुठं आटली, ते ज्यानं त्यानं ओळखावं.

आता माझं घर रावेर तालुक्यातलं. आबा, म्हणजे माझे वडील, गळ्यात माळ घातलेले. आमच्या घरात अंडं शिरणं दूरच राहिलं, त्याचं नावही कुणी घेत नसे. शेजारच्या गल्लीत कोंबडी ओरडली तरी आई दार लोटून घ्यायची. अशा घरातून पोरगी नर्सिंगला गेली, याचं गावाला नवल वाटलं नसतं तरच नवल. त्या काळी खान्देशातल्या दवाखान्यांत सिस्टर म्हटलं की ती केरळची, नाहीतर नंदुरबारकडच्या मिशनमधून आलेली. आमच्याकडचे शेतकरी पोरीला मास्तरीण करायला एक वेळ तयार व्हायचे. नर्स म्हणजे परक्या पुरुषाला हात लावणार, रात्रपाळी करणार, मग तिला करून कोण घेणार?

आबांनी मला सोडलं कसं, हे मला आजही नीट उमगलेलं नाही. मी जेवण सोडलं होतं, हे एक कारण असेल. आईनं त्यांच्याशी बोलणं सोडलं होतं, हे त्याहून मोठं कारण असेल. पण त्यांनी अट घालूनच सोडलं. "एक बी विषय गेला का टरंक उचलायची अन् घरी यायचं," ते म्हणाले. "मंग मी पाहून देईन तिकडं नांदायचं." पाहून ठेवलंही होतं. चाळीसगावचा मुलगा, रेल्वेत कामाला, घरची शेती. पोळा झाला की ती मंडळी मला बघायला येणार होती. मी पास झाले तर पाहुण्यांना थांबायला सांगायचं आणि नापास झाले तर पोहे करायचे, असा सगळा सरळ हिशेब होता. पोहे मला उत्तम यायचे, पण ते आजाऱ्याच्या स्वयंपाकात नव्हते.

आम्हाला शिकवणाऱ्या सिस्टर ट्यूटर केरळच्या. धुळ्यात त्यांचे केस पिकले होते. त्यांचं मराठी बरोबर असायचं, फक्त ते चालताना आपल्या गावच्या वळणानं चालायचं. त्यांचा एक नियम होता. पदार्थ करण्याचे निम्मे मार्क आणि तो आजाऱ्याच्या पोटात घालण्याचे निम्मे. "अन्न पोटात गेलं तर अन्न," त्या म्हणायच्या, "नाहीतर नुसतं भांडी घासायचं काम." मला हे म्हणणं तेव्हाही पटलं होतं आणि पुढं मी स्वतः शिकवायला लागले तेव्हाही मी तेच म्हणत आले. पण पोटात घालायच्या आधी अंडं फोडावं लागतं, आणि माझं गाडं तिथंच अडलं होतं.

माझी खोलीतली मैत्रीण शिरपूरच्या पलीकडची, सातपुड्याच्या पायथ्याची. तिच्या घरी कोंबड्या अंगणात नाही तर घरातच असायच्या. तिनं मला शिकवायचं मनावर घेतलं. हॉस्टेलच्या गच्चीवर, वाळत घातलेल्या पांढऱ्या युनिफॉर्मच्या आड आमचे वर्ग भरायचे. पहिलं अंडं मी हातात घेतलं, ते गार आणि जिवंत वाटलं, आणि मी ते सोडून दिलं. ते तिच्या चपलेत फुटलं. दुसरं मी इतक्या हळू आपटलं की त्याला काही कळलंच नाही. तिसरं इतक्या जोरात आपटलं की ते युनिफॉर्मवर गेलं. ती वैतागून म्हणाली, "भुईमुगाची शेंग फोडतेस ना तू? मग शेंग समज." मी शेंग समजून फोडलं आणि टरफल दुधात टाकून अंडं फेकून दिलं. ती हसता हसता गच्चीवर बसली ती उठेचना. पण हळूहळू हात बसला. नाक दुसरीकडे आणि डोळे तिसरीकडे ठेवून मी एका हातानं अंडं फोडायला लागले. वासाचं काय करायचं ते मात्र कधीच जमलं नाही. म्हणूनच माझ्या एग फ्लिपमध्ये जायफळ जरा सढळ असायचं.

मग परीक्षेची तारीख लागली. तारीख मुंबईहून यायची, आणि मुंबईच्या कॅलेंडरात कानबाई नव्हती.

खान्देशाबाहेरच्या माणसाला हे सांगायला हवं. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई देवी बसते आणि सोमवारी तिला वाजतगाजत नदीवर पोचवतात. तिच्यासाठी घरातल्या माणसांच्या नावानं गहू मोजून दळायचे आणि त्याचे रोट, म्हणजे जाड पोळ्या, करायचे. हे रोट भाऊबंदांतच खायचे, परक्याला द्यायचे नाहीत. घराघरात नियम थोडे वेगळे, पण रोट संपेपर्यंत दुसरं अन्न तोंडात घालायचं नाही, असं पुष्कळ घरी असायचं. आमच्या घरी तर होतंच. मग मांस-अंडी ही गोष्ट बोलायचीसुद्धा नाही. आमचं प्रात्यक्षिक होतं मंगळवारी. म्हणजे कानबाईला पोचवून आल्याच्या दुसऱ्या दिवशी, जेव्हा धुळे जिल्ह्यातल्या प्रत्येक डब्यात रोटच होता.

हे आमच्याही लक्षात आलं नाही, याचं मला आज नवल वाटतं. आम्ही अर्ध्याहून जास्त मुली याच भागातल्या. पण परीक्षेच्या भीतीनं सण आठवत नाहीत, आणि दवाखान्यात राहिलं की श्रावण बाहेरच राहतो.

सकाळी चिठ्ठ्या टाकल्या. मला एग फ्लिप निघालं, माझ्या मैत्रिणीला कस्टर्ड. परीक्षक बाई मुंबईच्या, इस्त्रीची साडी, मनगटात पुरुषी घड्याळ. त्या शेगड्यांमधून फिरत होत्या. मी अंडं एका हातानं फोडलं. त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "छान. घरी सवय दिसते." आई तिथं असती तर तिनं भिंतीला डोकं टेकलं असतं. फेस चांगला आला, दूध फाटलं नाही, गाळून ग्लासात ओतलं, ट्रेवर धुतलेलं फडकं आणि एक जास्वंदीचं फूल ठेवलं. निम्मे मार्क माझ्या खिशात आले होते.

मग आम्ही सगळ्या ट्रे घेऊन बायकांच्या मेडिकल वॉर्डात शिरलो, आणि त्या वॉर्डानं एकदिलानं तोंडं फिरवली.

मला दिलेली पेशंट धरणगावकडची म्हातारी होती. तापातून उठली होती. आठवडाभर मी तिचं अंग पुसलं होतं, वेणी घातली होती, आणि ती माझ्या हातून काहीही खायची. तिनं ग्लासाकडे पाहिलं, वास घेतला आणि हात जोडले. "माय, तुना हातनं मी इख बी पिसू," ती म्हणाली. "पन मना घर रोट शेतस व. कानबाई कोपस." म्हणजे माझ्या हातचं विष चालेल, पण घरी रोट असताना अंडं नाही. तिच्या उशाशी फडक्यात गुंडाळलेला रोट होताच, सुनेनं सकाळी आणून दिलेला. शेजारच्या खाटेवर तेच. त्याच्या पुढच्या खाटेवर तेच. वॉर्डात दोन मुस्लिम बायका होत्या, त्यांच्याकडे हजेरीत पहिल्या असलेल्या मुली आधीच धावल्या होत्या. त्यातल्या एकीनं मोठ्या मनानं कस्टर्ड, एग फ्लिप आणि पुन्हा कस्टर्ड घेतलं आणि मग तोंडावर पदर ओढून भिंतीकडे कूस वळवली. तिला जास्त काही म्हणायची सोय नव्हती. पोट तिचं होतं.

परीक्षक बाईंनी विचारलं, "कुणी का खात नाहीये?"

सिस्टर ट्यूटरना त्या घडीला चूक उमगली. त्यांनी कपाळाला हात लावला. "मॅडम, कानबाई," त्या म्हणाल्या.

"कोण कानबाई? वॉर्डातली आहे का? बोलवा तिला."

"मॅडम, ती काल गेली."

परीक्षक बाईंचा चेहरा पडला. "अरेरे," त्या म्हणाल्या. सगळा वॉर्ड दुखवट्यात आहे, असंच त्यांना वाटलं असणार. सिस्टर ट्यूटरनी मग त्यांना बाजूला घेऊन देवी, रोट, भाऊबंद असं सगळं समजावलं. ते संपेपर्यंत माझ्या फेसाचा डोंगर खाली बसला. बाई वाईट नव्हत्या. त्या म्हणाल्या, रुग्ण नसेल तर दुसरं कुणीही मोठं माणूस चालेल, नातेवाईकसुद्धा, पण माझ्यासमोर खायला हवं. आणि बारा वाजता मी कागद बंद करणार. कुणाच्या देवीमुळे मार्क देता येत नाहीत, हेही त्या म्हणाल्या. मला त्यांचा राग आला आणि त्यांचं बरोबर आहे हेही कळलं. त्यामुळे राग आणखीच वाढला.

नातेवाईक शोधायला मी व्हरांड्यात आले तर समोरच्या बाकावर आबा बसलेले.

धोतर, टोपी, मांडीवर फडक्याचं गाठोडं. पहाटेच्या एसटीनं निघून भुसावळ, जळगाव करत आले होते. मला बघून उठले. "तुहे रोट आनले," ते म्हणाले. "लगन होयेपर्यंत तू घरची. तुहा वाटा तुले पोचला पायजे." ते माझ्या वाट्याचे रोट रावेरहून धुळ्यापर्यंत मांडीवर घेऊन आले होते, आणि मी त्यांच्यासमोर अंड्याचा ग्लास घेऊन उभी होते. मला रडू आलं. मी ते आवरलंही नाही.

त्यांनी विचारलं तसं मी सगळं सांगितलं. परीक्षा, चिठ्ठी, रोट, बारा वाजता बंद होणारा कागद.

"कोनी पेलं नाही तं?"

"निम्मे मार्क जातील."

"म्हनजे?"

"म्हणजे नापास, आबा."

मी म्हटलं, झालं. अट त्यांनीच घातलेली, मुलगा त्यांनीच पाहिलेला, श्रावण त्यांच्या बाजूचा आणि कानबाईसुद्धा त्यांच्याच बाजूची. त्यांना काही करायचीही गरज नव्हती. नुसतं बाकावर बसून बारा वाजू दिले असते तरी पोरगी ट्रंकेसकट घरी परत आली असती.

त्यांनी गाठोडं उचलून उंच खिडकीत ठेवलं. टोपी काढली. गळ्यातली माळ काढून टोपीत ठेवली आणि टोपी गाठोड्याशेजारी ठेवली. माझ्या हातात दिली नाही, कारण माझे हात अंड्याचे होते. मग म्हणाले, "याच्यात काय काय हाये?"

"दूध. साखर. जायफळ."

"अन्?"

"अंडं." मी तोंडावर सांगितलं. फसवून पाजायची ती बाब नव्हती.

"कच्चं?"

"वरून गरम दूध ओतलंय."

"म्हनजे कच्चंच," आबा म्हणाले. "बोलाव तुह्या बाईले."

परीक्षक बाई आल्या. मी त्यांना सांगितलं, हे माझे वडील. आबांनी डोळे मिटले, एरंडेल प्यावं तसं एका दमात ग्लास रिकामा केला आणि धोतराच्या सोग्यानं मिशी पुसली. बाईंनी विचारलं, "कशी आहे चव, काका?"

आबा खोटं बोलत नसत. "जायफळ लय झालं," ते म्हणाले.

बाईंनी ते लिहून घेतलं. मला वाटलं, तेवढ्यावर संपलं. पण माझ्यामागं माझी मैत्रीण कस्टर्डची वाटी घेऊन उभी होती. तिच्या मागं आणखी एक, आणि तिच्याही मागं एक. त्यांचे आबा काही आले नव्हते. आबांनी त्यांच्याकडे पाहिलं. "यांचं बी तसंच का?" त्यांनी मला विचारलं. मी मान हलवली. "मंग आन व पोरी," ते मैत्रिणीला म्हणाले. "बाटलेल्या मानसाले आनखी काय बाटवतं?" आणि ते बाकावर नीट मांडी घालून बसले, लग्नात पंगतीला बसावं तसे. कस्टर्ड झालं. दुसरं एग फ्लिप झालं. अंड्याच्या पांढऱ्याचं पाणी नावाचा एक भयंकर प्रकार होता, तोही झाला, आणि त्याबद्दल त्यांनी काही मत दिलं नाही. शेवटच्या मुलीच्या ट्रेवर मटण सूप होतं. आबांनी वाटीत पाहिलं, तिच्यापुढं हात जोडले आणि म्हणाले, "तेवढं माफ कर, माय." मग ते सूप परीक्षक बाईंनी स्वतःच पिऊन टाकलं. बाराची वेळ होती, त्यांनाही भूक लागली असणार.

त्यानंतर आबा पांझरेवर आंघोळीला गेले. श्रावणाचं पाणी होतं नदीला. मीही हॉस्टेलवर डोक्यावरून पाणी घेतलं.

एग फ्लिप पुढं अभ्यासक्रमातून गेलं. नव्वद सालानंतर मी जळगावला शिकवत होते तेव्हा नवीन पुस्तकं आली आणि त्यांत ज्वारीच्या कण्या, खिचडी, कढण असं सगळं राजरोस छापून आलं. समित्या बसल्या, अहवाल झाले, त्या सगळ्यांना श्रेय आहे. माझ्या विद्यार्थिनी आता अर्ध्याअधिक शेतकऱ्यांच्याच घरातल्या असायच्या आणि त्यांचे वडील मला म्हणायचे, मॅडम, नापास झाली तरी घरी पाठवू नका. परीक्षेची तारीख ठरवायच्या बैठकीला मात्र मी दर वर्षी पंचांग घेऊन जायची. बाकीचे हसायचे. हसोत बापडे.

पण त्या दिवशी हे काहीच माहीत नव्हतं. आबा ओल्या धोतरानं परत आले, माळ घातली, टोपी घातली, गाठोडं सोडलं. आम्ही दोघं दवाखान्याच्या मागं कडुलिंबाखाली बसून रोट खाऊ लागलो. मला राहवेना.

"पोळ्यानंतर चाळीसगावची माणसं येतील ना?" मी विचारलं.

"नाही. आता इथून चाळीसगावची गाडी धरतो. त्यांले सांगून येतो, पोरगी शिकून राह्यली म्हनून."

"आबा, निकाल लागायचाय अजून. जायफळ जास्त झालंय. मी नापासही होईन."

आबांनी रोटाचा तुकडा मोडून माझ्या हातावर ठेवला. "झाली तं पुन्हा बस," ते म्हणाले. "मी येईन प्याले."